सात कामांचं मशीन

सुभेदार लालासाहेब जगदाळे यांच्याबद्दल आपल्या मनात मत्सर नाही, असं अनंतराव शेंडे रोज सकाळी दाढी करताना आरशातल्या माणसाला बजावून सांगत. आरशातला माणूस ते निमूट ऐकून घेई. तेवढ्यात शेजारच्या कुठल्या तरी घरातून 'घर्रर्र' असा आवाज येई आणि अनंतरावांचं पातं हनुवटीत घुसे. सत्त्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्यांच्या हनुवटीला तुरटी लागली नाही असा एकही आठवडा गेला नाही.

तो आवाज सुभेदारांच्या भोकं पाडायच्या मशीनचा होता. साताऱ्यात गोडोलीच्या अंगाला आमची आठ घरांची कृष्णामाई सोसायटी उभी राहिली, तेव्हा सगळ्यांना सगळ्यात मोठं कौतुक भिंतींचं होतं. सिमेंटच्या भिंती. गावातल्या जुन्या घरांच्या भिंती मायाळू होत्या, खिळा ठोकला की घ्यायच्या आत. या भिंती मात्र खिळा परत करायच्या, तोही वाकडा करून. त्यामुळे देवांच्या तसबिरी, टोप्यांच्या खुंट्या आणि कैलासवासी वडिलांचे फोटो कितीतरी दिवस खाटेखाली पडून होते.

त्या काळात अनंतराव सोसायटीचा आधार होते. ते पाटबंधारे कचेरीत हेडक्लार्क, पण रविवारी हातोडी-छिन्नी घेऊन कुणाच्याही हाकेला धावून जात. त्यांची पद्धत शास्त्रशुद्ध होती. भिंतीत छिन्नीने खड्डा करायचा, त्यात लाकडाचा ठोकळा बसवायचा आणि त्या ठोकळ्यात खिळा मारायचा. आता खड्डा पैशाएवढा ठरवला तरी तो ताटाएवढा होई, ही गोष्ट वेगळी. गिलाव्याचा पापुद्रा पडला की अनंतराव म्हणत, "वाळू कमी आहे," आणि वर एक कॅलेंडर लावून देत. शेंडे यांच्या स्वतःच्या घरात नऊ कॅलेंडरं होती, त्यांतली सहा मागच्या सालांची. पण काम झालं की चहा-पोहे होत, बायका म्हणत, "अनंतराव आहेत म्हणून बरं," आणि त्यांची बायको अनसूयाबाई घरात बसून ते ऐकत. अनंतरावांना जगात आणखी काही नको होतं.

मग सुभेदार निवृत्त होऊन आठव्या घरात राहायला आले. मूळचे माण तालुक्यातले, अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेली. ट्रंक, बिस्तरा, मिशा आणि ते मशीन एवढं सामान घेऊन आले. पहिल्याच रविवारी त्यांनी स्वतःच्या घरी सात भोकं पाडली, गिलाव्याचा कपचाही न उडवता. दुसऱ्या रविवारी तात्यांच्या घरी पाडली. तात्या म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, तिसऱ्या घरातले. ते जाहीर करत फिरले, "अहो, बोट घालून पाहावं असं भोक. अगदी गोल." आणि सोसायटीतली माणसं खरोखर तात्यांकडे भोक बघायला गेली.

अनंतरावही गेले. त्यांनी बोट घालून पाहिलं. मनात आलं ते ते बोलले नाहीत, बोलले ते एवढंच, "अं, बरं आहे." आणि घरी येऊन त्या रात्री नीट जेवले नाहीत.

त्यानंतर अनंतरावांना एक खोड लागली. सुभेदारांच्या मशीनचा आवाज आला की ते मोजत. 'घर्र' थांबलं की म्हणत, "चेअरमनकडे. बाहेरची भिंत. पाचवं." आणि पडद्याच्या फटीतून बघत. परत येणाऱ्या सुभेदारांच्या हातात लाडवाचा डबा दिसला की त्यांचा जीव खालीवर होई. लाडू त्यांना आवडत नसत, पण हे लाडू आपले होते असं त्यांना वाटे.

घाव बसला तो ज्येष्ठात. अनंतराव कचेरीतून आले तर स्वयंपाकघरात नवी फळी. सरळ, मजबूत, चार स्क्रूंवर बसलेली. खाली कॅलेंडर नाही.

"सुभेदार भाऊजींना सांगितलं," अनसूयाबाई डबे मांडत म्हणाल्या. "दोन मिनिटांत बसवून दिली. चहासुद्धा उभ्यानं घेतला."

"मी मेलो होतो का?" अनंतरावांनी विचारलं.

"तुम्हाला कचेरी असते. आणि आपल्याकडं आता कॅलेंडर उरलं नव्हतं."

हे त्या साध्या भोळेपणानं बोलल्या होत्या, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. बाकी सोसायटी गेली तर जावो. पण स्वतःच्या बायकोनं, स्वतःच्या घरात, परक्या माणसाकडून भोक पाडून घ्यावं? अनंतरावांनी त्या क्षणी ठरवलं की मशीन घ्यायचं. आणि नुसतं मशीन नाही. सुभेदारांच्या मशीननं जे होत नाही ते होणारं मशीन घ्यायचं.

साताऱ्याच्या दुकानांत फक्त भोकं पाडणारीच मशीनं होती. तात्यांना सल्ला विचारला, म्हणजे विचारला नाही, पण तात्यांना तो देण्यासाठी विचारावं लागत नसे. ते म्हणाले, "अनंतराव, मशीनला वजन पाहिजे." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "वजन नको, हात थरथरतो." तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सांगलीला जा. तिकडं कारखानदारी आहे, तिथला माणूस लोखंडाची भाषा बोलतो." तात्यांना पोस्टातल्या शिक्क्यापलीकडे लोखंडाची ओळख नव्हती, पण सांगली अनंतरावांना पटली. सांगली लांब होती. लांबून आणलेल्या वस्तूचा दबदबा असतो.

एक किरकोळ रजा टाकून ते एसटीनं सांगलीला गेले. गणपती पेठेतल्या एका हत्यारांच्या दुकानात बिराप्पा नावाचा जुना विक्रेता होता. त्यानं गल्ल्यासमोर तीन मशीनं मांडली आणि विचारलं, "काम काय करायचं हाय साहेब?"

कामाचा विचारच अनंतरावांनी केला नव्हता. "घरगुती," ते म्हणाले. "किरकोळ. म्हणजे काहीही."

बिराप्पानं त्यांच्याकडे नीट बघितलं आणि दुसराच प्रश्न टाकला. "शेजाऱ्याकडं कंचं हाय?"

"शेजाऱ्याचा काय संबंध?"

"तसं न्हाई. निम्मं गिऱ्हाईक माझ्याकडं शेजाऱ्यापायीच येतंय. कंचं हाय ते कळलं की मला वरचं दाखवाया बरं पडतंय."

अनंतरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच सुभेदारांच्या मशीनचं वर्णन केलं. बिराप्पानं पहिली दोन मशीनं लगेच उचलून आत ठेवली. तिसरं पुढं सरकवलं. "हे घ्या. फिरायचं तेवढं ह्ये फिरतंय, फुडं काय लावायचं ते तुमी ठरवायचं. भोक पाडा. सुरीला धार लावा. लाकूड घासा. पितळंला पालिश करा. फळी कापा. स्क्रू पिळा. रंग घुसळा. सात कामं. शेजाऱ्याचं किती करतंय?"

"एक," अनंतराव म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

परतीच्या प्रवासात खोकं त्यांनी मांडीवरून खाली ठेवलं नाही. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय त्यात?" तर कऱ्हाड येईपर्यंत सातही कामं सांगून झाली. घरी अनसूयाबाईंनी खोक्यातल्या चकत्या, ब्रश, पॉलिशची लोकरीची टोपी आणि रंग घुसळायची कांडी पाहिली आणि त्या कांडीकडे बोट करून विचारलं, "यानं ताक होईल का हो?" अनंतरावांनी कांडी परत खोक्यात ठेवली.

मशीन आलं, पण चालेना. त्याच्या तीन जाड पायांचा प्लग घरातल्या एकाही बोर्डात शिरेना. त्याला पॉवरचा पॉइंट हवा होता आणि पॉवरच्या पॉइंटला वीज कचेरीची परवानगी हवी होती. अनंतराव गेले. तिथल्या कारकुनानं मान वर न करता अर्ज पुढे केला. अर्जात 'यंत्राचा प्रकार' असं सदर होतं आणि त्यापुढे तीनच पर्याय छापलेले होते: पाण्याचा पंप, पिठाची गिरणी, लेथ.

"यातलं एकही नाही," अनंतराव म्हणाले.

"मग यंत्र नाही."

"अहो, यंत्र आहे. सात कामं करतं."

"मग सात अर्ज करा," कारकून म्हणाला. थोड्या वेळानं त्याला दया आली असावी. "असं करा, गिरणी लिहा. पण मग तपासणीला माणूस येईल, पीठ बघायला."

हेडक्लार्क म्हणून एकवीस वर्षं अनंतराव खिडकीच्या आतल्या बाजूला बसले होते. बाहेरच्या बाजूनं खिडकी एवढी उंच दिसते हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्यांनी 'गिरणी' लिहिलं, कंसात 'लहान' लिहिलं. पुढं चार खेपा झाल्या. पीठ बघायला आलेल्या माणसाला अनसूयाबाईंनी थालीपीठ खाऊ घातलं आणि आषाढ लागता लागता पॉइंट बसला.

पॉइंट बसला त्या संध्याकाळी अनंतराव छाती काढून सोसायटीतून फिरले. "काही भोकबिक?" त्यांनी घरोघर सहज विचारलं. आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात एक भयंकर गोष्ट आली. आठही घरांत एकाही भोकाची जागा उरली नव्हती. सुभेदारांनी सगळी भोकं पाडून टाकली होती. तसबिरी टांगल्या होत्या, खुंट्या बसल्या होत्या, पाळण्याच्या कड्या लागल्या होत्या, अगदी चेअरमनांच्या आईंची, बयाबाईंची जपाची पिशवी अडकवायलासुद्धा एक भोक झालं होतं. अनंतराव उशिरा पोचले होते.

तात्या मात्र म्हणाले, "बसा आता सुऱ्यांना धार लावत." यात टोमणा होता, पण टोमण्यातून अनंतरावांना वाट दिसली. मशीन सात कामांचं. भोकं सुभेदारांना लखलाभ. श्रावण तोंडावर आला होता. मंगळागौरी, सत्यनारायण, सवाष्णी, म्हणजे घरोघर माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली येणार आणि बायका चिंच-राख घेऊन हातांची सालं काढणार. अनंतरावांनी सोसायटीच्या फळ्यावर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'श्रावणानिमित्त भांड्यांना यांत्रिक पॉलिश. विनामूल्य. अ. शेंडे.'

दुसऱ्या दिवशी त्यांचा व्हरांडा भांड्यांनी भरला. बयाबाईंचं घंगाळ, तात्यांच्या घरची दोन पातेली, समया, गडवे, डबे, ताम्हनं. आणि सगळ्यात मोठा विजय म्हणजे सुभेदारांच्या घरून हरणाबाई स्वतः तांब्याची कळशी घेऊन आल्या. "आमच्या ह्यांनी नुसती भोकं पाडली," त्या पदर खोचत म्हणाल्या. "भांडं उजळाया तुमीच पायजे." अनंतराव दिवसभर ते वाक्य जिभेवर घोळवत होते. शत्रूच्या गोटातून कळशी आली होती.

शनिवारी दुपारपासून मशीन सुरू झालं. अनंतराव काही अगदीच अजाण नव्हते. आतल्या अंगाला कल्हई असते आणि ती घासली तर आमटी कळकते, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून आतून त्यांनी कशालाही हात लावला नाही आणि या दूरदृष्टीबद्दल स्वतःला मनापासून शाबासकी दिली. बाहेरून मात्र हात राखला नाही. आधी खरखरीत चकती, मग बारीक चकती, मग लोकरीची टोपी. मशीन चालू झालं की आठही घरांतले रेडिओ खरखरायला लागत, पण भांडी अशी झळाळली की लोक रेडिओ बंद करून बघायला आले. सुभेदारही आले. कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "लय भारी." अनंतरावांना तिथंच देह ठेवला तरी चालेल असं वाटलं.

रविवारी दुपारी सगळं संपलं. राहिली ती घरचीच कळशी. अनसूयाबाईंच्या आईची, वाईच्या माहेरची, लग्नात आलेली. आई जाऊन चार वर्षं झाली होती आणि तिची म्हणून घरात एवढी एकच वस्तू होती. अनसूयाबाई सकाळीच सांगून गेल्या होत्या, "तिला जपून हं." त्या मंगळागौरीची गाणी बसवायला चेअरमनांकडे गेल्या होत्या. घरात अनंतराव एकटेच होते.

त्यांनी कळशी उपडी घातली, उजळली, आणि तेवढ्यात वीज गेली. काही हरकत नव्हती. लोकरीची टोपी काढून त्यांनी मशीनला भोक पाडायचं टोक बसवलं. उगाचच. विकत घेतल्यापासून ते टोक एकदाही लागलं नव्हतं, आणि बसवल्यावर कसं दिसतं ते त्यांना बघायचं होतं. मशीन त्यांनी कळशीच्या बुडावर उभं धरलं, जिथं तांबटानं घडवताना मधोमध टिंब ठेवलेलं असतं तिथं टोक टेकवलं, आणि वर दोन्ही हात ठेवून जरा वजन टाकून विसावले. सुभेदार भिंतीशी असेच उभे राहत. बटण दाबल्यावर ते दाबलेलंच राहावं म्हणून एक खिट्टी असते, ती त्यांनी कालपासून लावलेली होती, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं.

वीज आली. मशीन म्हणालं, 'घर्र.' अनंतराव दचकून मागे सरकायच्या ऐवजी घाबरून पुढे झुकले. सगळं एका श्वासात झालं. त्यांनी मशीन उचललं तेव्हा कळशीच्या बुडाला एक भोक होतं. गोल. स्वच्छ. कपचा नाही. त्यांच्या आयुष्यातलं पहिलं बिनचूक भोक.

अनंतराव कळशी मांडीवर घेऊन बसून राहिले. मग त्यांनी ती जुन्या गोधडीत गुंडाळली, माळ्यावर रद्दीच्या मागे ढकलली, आणि हात धुऊन, अनसूयाबाई आल्यावर, "झाली सगळी" असं सांगितलं. संध्याकाळी सांगू, असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळी 'उद्या सांगू' असं ठरवलं.

सोमवारी सकाळी बायका भांडी न्यायला आल्या. व्हरांड्यात सोन्यासारखा उजेड पडला होता. "अगं बाई," असं एकीनं म्हणून एक पातेलं उचललं, फिरवून पाहिलं, परत फिरवून पाहिलं. "नाव कुठं आहे?"

भांड्यावर नाव असतं, कुणी कुणाला कधी दिलं त्याच्यासकट, ठोकून घातलेलं. लग्नाकार्याला चार घरची भांडी एकत्र होतात, म्हणून ते असतं. अनंतरावांच्या खरखरीत चकतीनं आठही घरांची नावं पुसून टाकली होती. आतली कल्हई सांभाळण्याच्या नादात बाहेरची नावं गेली. एकतीस भांडी, सगळी लखलखीत, आणि एकावरही काडीचं अक्षर नाही.

पुढच्या अर्ध्या तासात जे झालं ते सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. तात्यांच्या घरच्या पातेल्यावर तिघींनी हक्क सांगितला. बयाबाईंनी तीन घंगाळं आपली म्हणून बाजूला ठेवली, दिलं होतं त्यांनी एकच. कुणाच्या सासूचं, कुणाच्या मावशीचं, कुणाच्या बारशाचं, सगळी नाती वर आली आणि अनंतराव दारात उभे राहून "जरा शांतपणे, जरा शांतपणे" असं म्हणत राहिले. त्यांच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

शेवटी सुभेदार आले. त्यांनी एकदाच टाळी वाजवली. "भांडी बाहेर. मैदानात. एका लाईनीत, उंचीपरमानं." सतरंजी अंथरली गेली, भांडी रांगेत उभी राहिली. "आता एकेक माणूस फुडं यील. हात लावायच्या आदी खूण सांगायची. पोचा, डाग, वजन, काय बी. खूण पटली की भांडं त्येचं. कालवा करनाऱ्याचा नंबर शेवटी."

आणि काम सुरू झालं. बायकांना आपापली भांडी पाठ होती. कुणी सांगितलं, कानाखाली अंगठ्याएवढा पोचा आहे, दिवाळीत नळावर पडलं होतं. बयाबाईंनी अंगठी वाजवून नुसत्या आवाजावर आपलं घंगाळ ओळखलं आणि बाकीची दोन मुकाट्यानं परत केली. तात्या कौतुकानं म्हणाले, "सुभेदार नसते तर आज सोसायटी फुटली असती." अनंतराव खांबाला टेकून उभे होते. घोळ आपण घातला आणि त्यातही मोठा झाला तो हाच माणूस, हे त्यांना सोसवत नव्हतं.

शेवटी एकच भांडं उरलं. तांब्याची कळशी. आणि दोघी पुढे आल्या, हरणाबाई आणि अनसूयाबाई.

"आईची," अनसूयाबाई म्हणाल्या. "काठाशी जरा दबलेली आहे."

"माझ्या सासूची," हरणाबाई म्हणाल्या. "ह्यास्नी विचारा. काठ हितं दबलाय, आडावर आपटून."

दोघींनी एकच जागा दाखवली, आणि तिथं कळशी खरोखर दबलेली होती. अनसूयाबाईंनी कळशी उचलून पोटाशी धरली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "चार वर्षं झाली. एवढंच आहे हो माझ्याकडं तिचं."

अनंतरावांना एकट्यालाच ठाऊक होतं की ही कळशी आईची नाही. ही हरणाबाईंचीच.

सुभेदारांनी एकदा कळशीकडे बघितलं. मग म्हणाले, "हरणे, ऱ्हाऊ दे. वैनींचीच असंल. आपली कुटंतरी गेली म्हनायची."

"आवं, पन..."

"ऱ्हाऊ दे म्हनलं न्हवं."

हरणाबाई मागे सरकल्या. आणि मग ते सुरू झालं. तात्या म्हणाले, "याला म्हणतात मोठं मन." बयाबाई म्हणाल्या, "देवमाणूस आहे." आणि अनसूयाबाई, अनंतरावांची लग्नाची बायको, डोळे पुसत सुभेदारांना म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्यासारखा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही."

अनंतराव पुढं जे बोलले ते त्यांच्या प्रामाणिकपणामुळे बोलले, असं पुष्कळांना वाटतं. ते स्वतःही पुढे तसंच सांगत. पण खरं सांगायचं तर ते शेवटचं वाक्य त्यांना सहन झालं नाही. चोरी उघडी पडली तर पडो, पण या माणसाला आणखी एक इंचही मोठं होऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"ती त्यांचीच आहे," ते ओरडले. "आपली माळ्यावर आहे. माझ्या हातून तिला भोक पडलं."

घरात जाऊन त्यांनी गोधडी उलगडली आणि कळशी आणून बायकोच्या हातात दिली. अनसूयाबाईंनी पहिली कळशी हरणाबाईंना परत केली, दुसरी हातात घेतली, उपडी केली. भोकावर बोट फिरवलं. त्या नवऱ्यावर ओरडल्या नाहीत. त्या दिवशी त्या कुणाशीच बोलल्या नाहीत, आणि अनंतरावांना ओरडणं परवडलं असतं. दोन दिवस घरात नुसता चमच्यांचा आवाज होता. रात्री अनंतरावांना वाटे, आपण बायकोची आई दुसऱ्यांदा मारली.

तिसऱ्या दिवशी सकाळी अनसूयाबाई कळशी घेऊन निघाल्या. "कुठे?" अनंतरावांनी भीत भीत विचारलं.

"महादेवाला. उद्या श्रावण लागतो. तिथली पिंडीवर थेंब धरायची गळती फुटलीय म्हणून गुरव सांगत होते." आणि दारात थांबून, त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "आई सोमवार करायची. तुम्हीपण या. पाडलंय तुम्ही, तर टांगायला तुम्हीच या."

सोसायटीमागच्या देवळात पिंडीवर साखळीला कळशी टांगली. गुरवानं भोकात दर्भाची काडी सारली, पाणी ओतलं. सगळी सोसायटी बघत होती. भोकाशी एक थेंब जमला, फुगला आणि अगदी पिंडीच्या माथ्यावर पडला. मग दुसरा. इकडे नाही की तिकडे नाही. गुरव म्हणाला, "तांबटाला बी असं मदी जमत न्हाई." अनसूयाबाईंनी हात जोडले, मग नवऱ्याकडे बघितलं, तीन दिवसांत पहिल्यांदा. त्यांचा राग गेलेला नव्हता, पण त्या बघत होत्या एवढं अनंतरावांना पुरलं.

पहिल्या सोमवारी संध्याकाळी अनंतराव देवळात गेले तर सुभेदार एकटेच पिंडीपाशी वाकून, मान वाकडी करून कळशीच्या बुडाकडे बघत होते. अनंतरावांना पाहून ते सरळ झाले. मिशीवरून हात फिरवला. असा अवघडलेला माणूस अनंतरावांनी त्यांच्यात कधी पाहिला नव्हता.

"अनंतराव, एक इच्यारू? आमच्या गावाकडं म्हादेवाचं देऊळ हाय. माणात पाऊस कसला, तुमाला ठावं हाय. माझी आय दर सोमवारी त्या देवाला पानी न्यायची, दोन कोस, त्याच कळशीतनं. हरणीशी बोललो. ती बी व्हय म्हनली. त्या कळशीला बी असंच भोक पाडून द्याल का, तितं टांगाया?"

"मी?" अनंतराव म्हणाले. "अहो, तुम्ही एवढी भोकं पाडता."

"भितीला पाडतो. भितीचं काय." सुभेदार थेंबाकडे बघत होते. "काल मशीन घिऊन बसलो. टोक टेकवलं. आयची कळशी हाय ती. हात कापाया लागला माजा. तुमी सासूच्या कळशीला बेधडक पाडलंसा. तसलं काळीज मला न्हाई."

सुभेदार आल्यापासून अनंतराव या वाक्याची वाट बघत होते. सुभेदार लालासाहेब जगदाळे आपल्याकडे भोक मागायला आला होता आणि त्याच्या तोंडावर सरळसरळ हेवा होता. आता फक्त 'आणा उद्या' एवढं म्हणायचं होतं. ते शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले. पण सुभेदारांचे डोळे ओले होते, आणि उद्या ती कळशी आपल्या मांडीवर येईल या विचारानं अनंतरावांनी ते शब्द मागे घेतले.

"सुभेदार," ते म्हणाले, "मी काही बेधडक नाही पाडलं. वीज गेली होती. मी मशीनवर टेकून उभा होतो. वीज आली."

हळूहळू सुभेदारांची मिशी हलायला लागली.

"तरीच," ते म्हणाले. "तरीच बरुबर मदोमद पडलंय."

दोघंही हसले नाहीत. देवळात एक थेंब पडला, मग आणखी एक.

"मग आता वं?" सुभेदारांनी विचारलं.

"कळशी मी धरतो," अनंतराव म्हणाले. "घट्ट धरतो. पाडा तुम्ही. तुमचाच हात चांगला आहे." हे वाक्य उच्चारायला त्यांना केवढे कष्ट पडले ते त्यांचं त्यांना माहीत. आणि सुभेदार मान हलवून निघायला लागले तसा अनंतरावांनी त्यांचा दंड धरला.

"पण मशीन माझं वापरायचं."